राहिलेली करंगळी

१

आमच्या निकिताच्या बारशाला माझ्या बायकोच्या, दिशाच्या मामांनी माझ्या आईला विचारलं होतं, "जावई नेमकं करतात काय हो?" आईने हातातली फुलं ओवता ओवता सांगितलं, "कम्प्युटरवर लोकांची भांडणं वाचतो." आईचं फारसं चुकलं नव्हतं.

नाशिकच्या द्वारका चौकात एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. पोलिओच्या मोहिमेला हातभार लावणाऱ्या एका संस्थेने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्यात दोन कम्प्युटर, एक फोन आणि साधनाताई. ताईंची सगळी नोकरी आरोग्य खात्यात गेलेली, निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून इथे आलेल्या. साल होतं २००९. पूर्वी अफवा एसटीने तालुक्याला जायची, मुक्काम करायची, मग पुढच्या गावाला निघायची. आता ऑर्कुट आलं होतं, फॉरवर्ड मेल आले होते, आणि सकाळी निघालेली अफवा जेवणाच्या आत पोचत होती. थेंब घेतले की पुढे मूलबाळ होत नाही. थेंबात भलतंच काहीतरी मिसळतात. देवळ्याकडे एक बाळ थेंब घेतल्यावर गेलं. मी हे सगळं वाचायचो, ताई त्या त्या तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावायच्या, आणि खरं काय ते कळलं की मी जिथल्या तिथे जाऊन लिहायचो. देवळ्याचं ते बाळ कांद्याच्या खळ्यात मजेत रांगत होतं.

डोस पाजला की बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यावरून मला एक कल्पना सुचली. ऑर्कुटवर नाशिकच्या नव्या आयांचा एक गट होता, त्याचा कारभार मी मागून घेतला आणि लिहिलं: करंगळी दाखवा. आयांनी आपापल्या बाळांच्या करंगळ्यांचे फोटो टाकायला सुरुवात केली. गुबगुबीत हात, त्यावर निळाजांभळा ठिपका, खाली कौतुक. शंभर खुलाशांनी जे होत नव्हतं ते त्या फोटोंनी होऊ लागलं. ताईंनी वरच्यांना माझं नाव कळवलं. मी थोडा हवेत होतो, हे कबूल करायला हरकत नाही.

२

जानेवारीच्या रविवारची मोहीम जवळ आली होती तेव्हा तो फोटो आला.

हात मुलाचा होता, पण बाळाचा नव्हता. सात-आठ वर्षांच्या पोराचा असावा. फरशीवर पालथा ठेवलेला. करंगळीच्या नखावर काहीच नव्हतं. खाली दोनच शब्द होते: माझी राहिली.

टाकणाऱ्याचं नाव सोमा. चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन, मित्र नाहीत, गाव नाही. कुणाचा तरी चावटपणा असणार असं वाटलं, पण आमच्या कामात राहिलेलं मूल म्हणजे राहिलेलं मूल. मी लिहिलं, पत्ता कळवा, आपल्या भागातली टीम घरी येईल. उत्तर आलं नाही.

पुढचा फोटो आला त्यात तोच हात होता, पण या वेळी बोटं रबरी चपलेच्या पट्ट्यात घातलेली. पायातली चप्पल हातात. तळव्याची जेवढी कड दिसत होती तेवढी टाचेसारखी घट्ट आणि भेगाळलेली. ताईंनी चष्मा वर करून पाहिलं. मग म्हणाल्या, आम्ही नोकरीला लागलो तेव्हा गावोगाव अशी पोरं असायची. पाय गेलेली. हातात चपला घालून अंगणभर फिरायची, आणि आपल्याला हसून जागा द्यायची.

खाली पुन्हा तेच होतं. माझी राहिली.

३

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला. आजूबाजूला अजून मळे होते. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. वडील गेल्यापासून शेत वाट्याने दिलं होतं, पण आईचा हार करण्याचा उद्योग काही सुटला नव्हता. दुपारभर ती मधल्या खोलीत शहाबादी फरशीवर बसून ओवायची. भोवती हिरव्या देठांचा सडा, ओल्या दोऱ्याचं भांडं, आणि मांडीशी निकिता. दिशा शाळेत शिकवायची. त्यामुळे आठ महिन्यांची निकिता दिवसभर आईच्याच जिवावर होती. दवाखान्यात न्यायचं, वजन करायचं, डोस पाजून आणायचं, सगळं आईच करायची. आम्ही दोघं संध्याकाळी येऊन विचारायचो, पाजलं का? आई म्हणायची, पाजलं.

मला सोमवारी सुट्टी असायची. अशाच एका सोमवारी दुपारी मी पुढच्या खोलीत आडवा झालो होतो आणि आतून आवाज आला. चपलेचा. पण चालण्याचा नव्हे. आधी एक पट, मग काहीतरी घासत गेल्याचा लांब आवाज. पुन्हा पट, पुन्हा घासणं. आवाज जमिनीलगत होता. माणूस चालताना आवाज कुठून येतो हे आपल्या लक्षात नसतं, पण तो चुकीच्या उंचीवरून आला की लगेच कळतं.

मी उठून आत गेलो. आई ओवत होती. निकिता पालथी पडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बघून खिदळत होती. तिथे कुणी नव्हतं. देठांच्या सड्यात मात्र एक स्वच्छ पट्टा दिसत होता, कुणी हाताने बाजूला सारल्यासारखा.

आईला विचारलं तर म्हणाली, शेजारच्या नवसाबाईच्या घरात फरशी पुसतायत. मला पटलं. म्हणजे, पटवून घेतलं. दिवसभर दुसऱ्यांच्या शंका फेडणारा माणूस स्वतःच्या शंकेला लवकर गप्प करतो.

४

मोहिमेच्या आधीच्या आठवड्यात तिसरा फोटो आला. त्यात हात कमी आणि फरशी जास्त होती.

शहाबादी फरशी. नाशिकमध्ये दर दुसऱ्या घरात असते. तिच्यावर झेंडूची देठं. तीही कुणाच्याही घरात असू शकतात. कोपऱ्यात फुटलेली एक लादी, आणि फुटक्या जागी पांढऱ्या सिमेंटचं ठिगळ. इथवर मी शांत होतो. मग मी फोटो मोठा केला. त्या सिमेंटमध्ये अंगठ्याचा ठसा होता.

आमच्या मधल्या खोलीत एकदा खलबत्ता पडून लादी फुटली होती. ती मीच भरली होती, आणि सिमेंट सुकलं का हे बघताना अंगठा दाबला होता. दिशा कितीदा तरी म्हणाली होती, घरावर सही केलीस का?

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बूट न काढताच ठिगळापाशी बसलो. अंगठा ठेवून पाहिला. बसला. आईने विचारलं, काय हरवलं? मी म्हणालो, काही नाही. मग मी डोक्यात यादी केली. घरी कोण येतं, कुणाच्या मोबाइलला कॅमेरा आहे, ऑफिसात माझ्यावर कोण जळतं. प्रत्येक नावाला काही ना काही कारण सापडलं. फक्त तो हात कुणाचा, हा प्रश्न मी त्या यादीत घेतलाच नाही.

५

रविवारी शिक्षकांना बूथवर ड्यूटी असते. दिशाला सिडकोतला बूथ मिळाला होता. मी दिवसभर ऑफिसात फोनवर. निकिताला जरा सर्दी होती, तिला एवढ्या लांब गर्दीत कशाला न्यायचं, म्हणून आई म्हणाली, "इथं मारुतीच्या पाराव हे ना बूथ. मी नेते." म्हणजे दिशा दुसऱ्यांच्या पोरांना थेंब पाजत होती, मी दुसऱ्यांच्या अफवा विझवत होतो, आणि आमची पोर आजीच्या कडेवर होती. यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांना वाटलं नाही. उलट अभिमानच वाटला.

संध्याकाळी निकिताच्या करंगळीवर काळा ठिपका होता. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरणारी टीम आली, त्या बायांनी करंगळी पाहिली आणि दारावर खडूने सगळं झाल्याची खूण करून गेल्या. दाराला आईने बांधलेली लिंबू, मिरच्या आणि बिब्ब्याची माळ लटकत होती, तिच्या बरोबर खाली.

मी निकिताच्या हाताचा फोटो काढला आणि गटावर टाकला. माझ्याच घरची करंगळी, असं लिहिलं. आयांनी कौतुक केलं. दुपारनंतर त्या कौतुकाच्या खाली राखाडी चौकोन दिसला.

हिचीही राहिली.

मी ते पुसून टाकलं. गटाचा कारभार माझ्याकडे होता, एक बटण दाबायचं काम. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा होतं. मी पुन्हा पुसलं, सोमाला गटातून काढलं, आणि ताईंना काही सांगितलं नाही. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मला भीती वाटली नाही. राग आला. माझ्या मुलीवर कुणीतरी बोलतंय याचा राग. आमच्या कामाचा पहिला नियम ताईंनीच शिकवला होता, की पुसायच्या आधी खरं आहे का ते बघायचं. तो मी सगळ्या जगासाठी पाळला. खोटं पकडायला बसलो होतो, आणि जे एकच खरं माझ्या दारापर्यंत आलं ते मी रोज सकाळी पुसत राहिलो.

६

शेवटी ताईंनीच पाहिलं. माझ्या मागे चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. सोमाचे शब्द त्यांनी वाचले की नाही कुणास ठाऊक, त्या निकिताच्या करंगळीकडे बघत होत्या.

"ललित, ही शाई आहे का रे?"

मी म्हणालो, दुसरं काय असणार?

"शाईने कातडी लाल होत नाही," त्या म्हणाल्या. "तू घरी जा."

एवढं सांगितलं आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. रिक्षात बसल्यावर मी स्वतःला समजावत होतो की बाळाची कातडी नाजूक असते. पंचवटी ओलांडेपर्यंत ते पटलंही होतं.

घरात पाऊल टाकलं तर निकिता पाळण्यात होती आणि झोके चालू होते. आई लांब, भिंतीला टेकून ओवत होती. पाळण्याची दोरी खाली आली होती, जमिनीपासून वीतभर वर ताणलेली. मी बघतोय हे कळल्यासारखी ती सैल झाली. निकिताच्या कपाळाला हात लावला तर ताप होता.

मी दारापाशी परत गेलो आणि माळेतला बिब्बा हातात घेतला. एका बाजूने टोचलेला होता. बिब्ब्याचं तेल किती घट्ट बसतं हे आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. परीट त्याने कपड्यांवर खुणा करतात, कितीही धुवा, जात नाहीत, आणि कातडीला लागलं की भोवती लाल होतं.

मी तो आईसमोर धरला. वाटलं होतं नाही म्हणेल, रडेल. तिने दोरा दाताने तोडला आणि सुई केसात खोचली.

"टोचला मी," ती म्हणाली. "थेंब नाय पाजले. कधीच नाय पाजले."

"कधीच म्हणजे?"

"दवाखान्यात न्यायचे, वजन करायचे न् माघारी आणायचे. तिथं लय गर्दी राहती, कोण बघतं?"

मी ओरडलो असेन. काय बोललो ते आठवत नाही. ऑर्कुटवर वाचलंस का, कुणी सांगितलं, कोणत्या मूर्खाने, असलं काहीतरी. आईला ऑर्कुट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिने माझं बोलणं पुरं होऊ दिलं.

"मला कोणी नाय सांगितलं. मी डोळ्यानं पाह्यलं. सोमाला ताप आलता. आई शेतात, म्हणून मीच कडेवर घेऊन गेलते डॉक्टरकडं. त्यानं सुई टोचली. मी म्हणले, काय व्हनार तर नाय ना? तो म्हणला, काय नाय होत. सकाळी पोराचा पाय उचलंना." तिने मांडीवरची देठं झटकली. "माझ्या कडेवर व्हता तो, ललित. मी नेलतं."

"कोण सोमा?"

"माझा भाऊ. सात-आठ वर्साचा व्हऊन गेला, तू व्हयाच्या आधीच. त्याचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाय."

खरोखरच काढत नव्हतं. निफाडकडच्या त्या आजोळी माझ्या सगळ्या सुट्ट्या गेल्या, आणि आईला भाऊ होता हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी कितीतरी खुलाशांत वापरली होती. तालुक्या-तालुक्यातल्या आयांना तुम्हाला भीती कसली वाटते, असं प्रेमाने विचारायचं, हे मी कार्यकर्त्यांना शिकवायचो. माझ्या आईला मी ते एकदाही विचारलं नाही.

७

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, दाखल करून घेतलं. आई बाकावर बसून होती. तिने त्यांना एकच विचारलं, सुईनंच गेला का पाय? डॉक्टर भले होते. ते तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले की ताप होता तेव्हाच तो आजार पोराच्या अंगात शिरलेला होता. तापावर सुई दिली, पाय आजाराने गेला आणि आळ आला सुईवर. थेंब तेव्हा मिळाले असते तर कदाचित काही झालंच नसतं. आणि बाई, नेणारीचा तर यात काहीच दोष नाही.

आईने ऐकलं. इतकी वर्षं पाठीवर घेतलेलं ओझं कुणी उतरवलं की माणूस हलकं होतं म्हणतात. आई झाली नाही. ते उतरलं त्याच क्षणी दुसरं चढलं, आणि हे खरं होतं. ती उठून निकिताच्या खाटेपाशी गेली आणि तिची ती करंगळी पदराने पुसत राहिली. बिब्बा जात नाही, हे तिला माहीत होतं.

दिशा आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती आईला काही बोलली नाही. मला म्हणाली, "माझ्या बूथवर त्या दिवशी शेवटच्या कुपीतले थेंब उरले होते."

ताप उतरला. तपासण्या झाल्या. कागदावर काय आलं ते मला पाठ आहे, ते इथे लिहीत नाही. निकिता उजवा पाय झाडायची आणि डावा नुसता असायचा.

सोमाचे शब्द त्यानंतर आले नाहीत. मी गट उघडून वाट बघायचो. त्याने काही लिहावं आणि मी ते पुसू नये, एवढंच मला हवं होतं. फोटोही गेले होते. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, मी पाहिले होते रे, पण आता मलाही खात्री देता येणार नाही.

८

ती नोकरी मी सोडली. साधनाताई नको म्हणाल्या, चांगलं काम करतोस म्हणाल्या. ते खरंही असेल. पण दुसऱ्याच्या बाळाची करंगळी समोर आली की मी शाईकडे न बघता भोवतीच्या कातडीकडे बघत बसायचो.

निकिता वर्षाची होऊन गेली होती. आई रोज दुपारी तिच्या पायाला तिळाचं तेल चोळायची. दिशा आणि आई एकमेकींशी लागेल तेवढंच बोलायच्या. रांगायचं वय सरलं तरी निकिता फक्त बसून घसटायची, तेही रडत.

अशाच एका दुपारी मी पुढच्या खोलीत होतो. आतून आवाज आला. पट, मग घासणं. पट, घासणं. मला तो आता ओळखीचा होता, म्हणून मी पडून राहिलो. मग लक्षात आलं की आवाज दोन आहेत. एक सरावाचा, एकसारखा. दुसरा त्याच्या मागून, अडखळत, चुकत, पुन्हा जमवत. आणि निकिता हसत होती.

मी दारात जाऊन उभा राहिलो. निकिता खोलीच्या मध्यावर होती. तिच्या दोन्ही हातांत रबरी चपला होत्या. लहान, झिजलेल्या, पट्टे सुतळीने बांधलेले. आमच्या घरातल्या नव्हत्या. पट्टा बोटांत नीट बसवलेला, टाच मनगटाकडे वळवलेली. हे एवढ्या लेकराला आपोआप सुचत नाही. तिने एक हात पुढे टाकला, अंग ओढलं, आणि शेजारच्या मोकळ्या फरशीकडे बघितलं, बरोबर जमलं का असं विचारल्यासारखं. त्या मोकळ्या जागेत देठांचा सडा बाजूला सारला गेला, आणि क्षणभर, सिमेंटच्या ठिगळावर, पालथा ठेवलेला एक हात मी पाहिला. नख कोरं होतं.

मी आईकडे पाहिलं. तिला दिसत होतं. कधीपासून दिसत होतं ते मी विचारलं नाही. तिने ओवायचं थांबवलं, दोऱ्याचं भांडं आणि फुलांची पाटी आपल्याकडे ओढून वाट रिकामी केली, आणि मला लहानपणी हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली,

"सोमा, जरा सरक. तिला जागा दे."

घासत गेल्याचा आवाज झाला. निकिता पुढे आली.